अळंबी वनस्पतींच्या यादीतून बाहेर कशी पडली

तुमच्या इथल्या सुपरमार्केटमध्ये मशरूमचे डबे कोबी-फ्लॉवरच्या शेजारीच मांडलेले असतील. दुकानदाराला हसू नका. विज्ञानानेही त्यांना दोनशे वर्षांहून अधिक काळ त्याच फळीवर ठेवले होते.

स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली वनस्पतींची मोठी जंत्री छापली. तिच्या शेवटच्या, चोविसाव्या वर्गात त्याने नेचे, शेवाळ आणि अळंबी एकत्र कोंबली, कारण त्यांना फुले दिसत नाहीत. त्याचे तरी काय चुकले? अळंबी जमिनीतून उगवते आणि जागची हलत नाही, मग तिला प्राणी कोण म्हणेल? सजीवांसाठी खाने तर दोनच होते.

खरी गंमत पुढे आहे. १८११ साली फ्रान्समधल्या नान्सी शहरात ब्राकोनो या रसायनज्ञाला अळंबीत एक चिवट, सहजी न विरघळणारा पदार्थ सापडला. १८२३ मध्ये ओदिए या संशोधकाला भुंग्याच्या कठीण पंखांत तसाच पदार्थ मिळाला आणि त्याने त्याला कायटिन म्हटले. पुढे दोन्ही एकच ठरले. झाडांच्या पेशींची भिंत सेल्युलोजची असते, अळंबीची मात्र कायटिनची, जे खेकड्या-कोळंबीच्या कवचातही असते. (मशरूम शाकाहारी की मांसाहारी, हा वाद तुमच्या घरी चालू असेल, तर यात मला ओढू नका.) पुरावा असा बाटलीत भरून ठेवलेला होता, तरी अळंबी वनस्पतिशास्त्राच्याच पुस्तकात राहिली.

१९६९ साली रॉबर्ट व्हिटाकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या. वाटणी करताना त्याने एक साधा प्रश्न लावला, हा जीव जेवतो कसा? झाडे उन्हावर अन्न शिजवतात. प्राणी आधी गिळतात, मग पचवतात. बुरशी पाचकरस बाहेर सोडते, लाकूड असो वा शिळी पोळी, तिथेच पचवते आणि मग शोषून घेते. अशा जेवणाऱ्यांना त्याने वेगळी सृष्टी दिली. १९९३ मध्ये जनुके आणि प्रथिने ताडून पाहिल्यावर तर बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना, म्हणजे आपल्याला, जवळची निघाली.

या नात्याची किंमत आपल्या माणसांनी मोजली आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात कोविडमधून उठलेल्यांना काळ्या बुरशीने गाठले, तेव्हा ‘अँफोटेरिसिन कुठे मिळेल का?’ असे निरोप तुमच्याही फोनवर आले असतील. जिवाणू आपल्यापासून फार दूरचे. त्यांच्याजवळ असलेले आणि आपल्याजवळ नसलेले बरेच काही असते, औषधाला तिथे घाव घालता येतो. बुरशीची पेशी आतून बरीचशी आपल्यासारखी. अँफोटेरिसिन तिच्या आवरणातले एर्गोस्टेरॉल धरते, पण आपल्या पेशींच्या आवरणातले कोलेस्टेरॉल त्याचेच भावंड, त्यामुळे थोडा मार आपल्यालाही बसतो आणि तो मुख्यतः मूत्रपिंडावर. इंजेक्शन चालू असताना डॉक्टर सारखे क्रिएटिनिन तपासायला सांगत होते, ते याचसाठी.