डोळ्यांच्या संथ हालचालीपासून जनुक चाचणीपर्यंत : मुंबईतील एका निदानाचा इतिहास

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक साधा प्रयोग करून पाहा. मित्राला समोर बसवा. एका हातात पेन धरा, दुसऱ्या हाताचे बोट वर करा आणि दोन्हींत दोनेक फुटांचे अंतर ठेवा. त्याला मान न हलवता आळीपाळीने पेनाकडे आणि बोटाकडे पाहायला सांगा. त्याची नजर उडी मारल्यासारखी जाईल, इतकी झटकन की मधला प्रवास तुम्हाला दिसणारच नाही. या उडीला सॅकेड म्हणतात. तिचा वेग सेकंदाला काहीशे अंश असतो.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांना काही रुग्णांत ही उडी दिसली नाही. लंडनमध्ये प्रशिक्षण घेऊन परतल्यावर वाडियांनी १९५७ पासून तेथे मज्जाविकार विभाग उभा केला होता. या रुग्णांचा तोल जात होता, पाय फाकवून चालावे लागत होते, बोलणे अडखळत होते. ही सर्व लहान मेंदूच्या झिजेची ओळखीची लक्षणे होत. परंतु त्यांचे डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सावकाश सरकत होते. काही जण आधी मान वळवून काम भागवत. शिवाय घरात आईला किंवा वडिलांना, काका-आत्यांना तोच आजार असे. वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि हा आनुवंशिक झिजेचा एक नवा प्रकार आहे असे मांडले.

त्या काळाचा विचार करा. असा दावा तपासायला प्रयोगशाळेत काय उपलब्ध होते? या आजारापुरते जवळजवळ काहीच नाही. रक्तातली साखर, मेरुद्रवातली प्रथिने, सिफिलिसची चाचणी यांतून इतर कारणे वगळता येत. आजाराचे नाव मात्र सांगता येत नसे. एकट्या विल्सनच्या आजाराचे भाग्य वेगळे होते. १९१२ मध्ये वर्णन झालेल्या या आजारात शरीरात तांबे साठते. रक्तातील सेरुलोप्लास्मिन हे प्रथिन त्यात कमी असते, हे १९५२ मध्ये कळले आणि १९५६ मध्ये तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन वापरात आले. चाचणी आणि उपचार चार वर्षांच्या अंतराने हाती आले. वैद्यकाच्या इतिहासात असा योग क्वचित येतो, आणि आपण मात्र तोच नियम समजून इतर आजारांकडून तशी अपेक्षा करत बसतो.

लहान मेंदूच्या आनुवंशिक विकारांचे वर्गीकरण मोठे किचकट होते. एकाच घरातील दोन भावंडांत लक्षणे वेगळी दिसत आणि दोन परक्या घरांत सारखी. १९८० च्या दशकात अनिता हार्डिंग यांनी लक्षणांच्या आधारे तीन गट पाडले. गोंधळ कमी झाला, तरी कारण अज्ञातच राहिले.

धागा सापडला तो भलतीकडे, क्यूबामध्ये. ओल्गीन प्रांतात तोल जाणारे आणि डोळे संथ झालेले रुग्ण मोठ्या संख्येने होते. १९९३ मध्ये या कुटुंबांतील आजाराचा माग १२ व्या गुणसूत्रापर्यंत लागला आणि १९९६ मध्ये तीन गटांनी ते जनुक स्वतंत्रपणे शोधले. आजाराला एससीए २ असे नाव पडले. जनुकातील सीएजी ही तीन अक्षरे निरोगी माणसात बहुतेक वेळा २२ वेळा येतात. आजारात ती साधारण ३३ च्या पुढे जातात. मुलांकडे जाताना हा आकडा बरेचदा वाढतो आणि आकडा जितका मोठा तितका आजार लवकर सुरू होतो. वडिलांना पन्नाशीत आणि मुलाला पंचविशीत त्रास का सुरू होतो, याचे उत्तर यात आहे. चाचणीचे तत्त्व सोपे आहे : रक्तातून डीएनए काढायचा, पीसीआरने त्या तुकड्याच्या प्रती वाढवायच्या आणि लांबी मोजायची.

१९९८ मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी पुन्हा ‘ब्रेन’मध्येच सहा भारतीय एससीए २ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानात संथ सॅकेडचे महत्त्व किती, हाच त्याचा विषय होता. सत्तावीस वर्षांपूर्वी डोळ्यांनी टिपलेल्या खुणेला आता जनुकाचा आधार होता. मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की चाचणी आल्यामुळे जुनी खूण निकामी झाली नाही. अटॅक्सियाची जनुके आज डझनांनी माहीत आहेत. भारतात एससीए १, २, ३ आणि १२ हे प्रकार नेहमी आढळतात. कोणते आधी तपासायचे? रायपूरजवळच्या बीरगांवसारख्या औद्योगिक वस्तीत बसलेल्या डॉक्टरला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. पेन आणि बोट त्याच्याजवळ असतेच. डोळे संथ असतील तर एससीए २ आधी. मात्र ही खूण इतर काही प्रकारांतही कमी-अधिक दिसते, म्हणून शेवटचा निर्णय लांबी मोजूनच होतो.

लांबी मोजली म्हणजे सगळे कळले असेही नाही. एससीए २ च्याच जनुकातील वाढ काही घरांत तोल न बिघडवता पार्किन्सनसारखे रूप घेते, आणि अशा घरांत बहुधा सीएजींच्या रांगेत मधे मधे सीएए आलेले असतात. लांबी तीच, पण आजार वेगळा दिसतो.

आता तुमच्या वयाचा प्रश्न. समजा, एखाद्या विद्यार्थिनीचे वडील एससीए २ चे रुग्ण आहेत. ती वीस वर्षांची आहे, ठणठणीत आहे. तिच्याकडे दोष येण्याची शक्यता निम्मी. चाचणी उद्या होऊ शकते, आजार थांबवणारे औषध नाही. हंटिंग्टनच्या आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडल्यापासून जगभर हा पेच आहे, आणि म्हणूनच निरोगी व्यक्तीची अशी चाचणी समुपदेशनाशिवाय व तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय करू नये, अल्पवयीनांची तर करूच नये, असा संकेत रूढ झाला. आपल्याकडे अडचण अशी की अहवाल बहुधा घरातल्या थोरल्यांच्या हाती पडतो आणि लग्नाची बोलणी त्यावर ठरतात. तिला ‘नको’ म्हणण्याचा हक्क आहे, हे सांगणारे कोणी त्या खोलीत असावे लागते.

पार्किन्सनच्या आजारात चाचणीची वाट याहून लांब निघाली. १८१७ मध्ये वर्णन झालेला हा आजार आजही मुख्यतः तपासणीनेच ओळखला जातो. २०२३ मध्ये एका मोठ्या अभ्यासात मेरुद्रवातील चुकीच्या घडीचे अल्फा-सायन्यूक्लिन शोधणारी चाचणी सुमारे ८८ टक्के रुग्णांत सकारात्मक आली. परंतु एलआरआरके २ या जनुकात बदल असलेल्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे ६८ टक्केच होते. उरलेल्यांचे निदान चुकले असे म्हणावे, तर त्यांचा कंप आणि ताठरपणा डोळ्यांसमोर आहे. चाचणी चुकली असे म्हणावे, तर असे बदल असलेल्या काही जणांच्या मेंदूत मृत्यूनंतरही या प्रथिनाचे गोळे आढळलेले नाहीत. मग एका नावाखाली दोन आजार आहेत का? जे. जे. रुग्णालयात १९७१ च्या आधी वाडियांपुढे जवळजवळ हाच प्रश्न होता.