एकवीस, अठरा आणि पंचवीस

आमच्या पिढीला मत द्यायला वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. पदवी हातात आली, कुणी नोकरीला लागलं, तरी मतदारयादीत नाव नाही! राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमातच तशी अट होती. राजीव गांधींच्या सरकारने डिसेंबर १९८८ मध्ये ६१ वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर करून घेतली आणि २८ मार्च १९८९ पासून ही अट १८ वर्षांवर आली.

गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस ४०० च्या वरून १९७ जागांवर आली, सत्ताही गेली. हे नव्या मतदारांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण मताधिकार देणाऱ्यालाच मत मिळतं असं नाही, हे दिसलं.

असो. खासदार-आमदार व्हायला मात्र अजूनही २५ वर्षं लागतात. ग्रामपंचायतीला २१ पुरतात. नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने विचारलं होतं, "सर, निवडून द्यायची अक्कल अठराव्या वर्षी येते, मग निवडून यायची पंचविसाव्या वर्षी का?"

मला तरी त्याचं म्हणणं पटतं. मतदारांना तो नको असेल तर ते पाडतीलच की! तुम्हाला काय वाटतं?