जठरांत्र आधारऊतक अर्बुद व त्याची चिकित्सा

जठर व आतडी यांच्या भित्तीत उद्‌भवणारे संयोजी ऊतकाचे अर्बुद. आद्याक्षरांवरून वैद्यकात ते ‘जिस्ट’ या नावाने ओळखले जाते. अन्नमार्गाच्या तालबद्ध हालचालींचे नियमन करणाऱ्या काहाल कोशिकांशी त्याचे नाते आहे. ते बहुधा पन्नाशीनंतर व सर्वाधिक प्रमाणात जठरात आढळते. पोटात गोळा लागणे, गुप्त रक्तस्राव व त्यामुळे येणारा पांडुरोग ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

दीर्घकाळ या अर्बुदांची गणना अनैच्छिक स्नायूंच्या अर्बुदांत होत असे. १९८३ मध्ये मझूर व क्लार्क यांनी त्यांना वेगळे नाव दिले. परंतु त्यांचे मूळ १९९८ मध्ये हिरोटा या जपानी शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. ‘किट’ या जीनातील उत्परिवर्तनामुळे टायरोसीन कायनेज हे एंझाइम अखंड कार्यरत राहते आणि कोशिकांचे विभाजन थांबत नाही. तोपर्यंत शस्त्रक्रिया हाच एक उपाय होता. रोग यकृतात वा उदरपटलावर पसरल्यास रोगी सामान्यतः दीड वर्षाहून फारसा जगत नसे. नेहमीची कर्करोगविरोधी रसायने जवळजवळ निरुपयोगी ठरत. रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार झालेले इमॅटिनिब हे औषध २००० मध्ये हेलसिंकी येथे या रोगाच्या एका स्त्री रोग्यास प्रथम देण्यात आले व अर्बुद झपाट्याने आकसले. २००२ मध्ये अमेरिकेत त्यास या रोगासाठी मान्यता मिळाली.

महाराष्ट्रातील चिकित्सकांपुढे खरी अडचण उभी राहिली ती औषधाच्या किंमतीची. मूळ स्विस कंपनीच्या औषधाचा खर्च दरमहा सु. १,२०,००० रु., तर भारतीय कंपन्यांच्या औषधाचा सु. ८,००० ते १०,००० रु. होता. कंपनीने २००२ पासून काही रोग्यांना औषध विनामूल्य दिले, हेही नमूद केले पाहिजे. मात्र अशी योजना देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. स्वस्त औषधामागे जुना पाया होता. देहूजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता, आणि १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थाऐवजी केवळ त्याच्या निर्मितिप्रक्रियेलाच पेटंट देण्याचे धोरण स्वीकारल्याने देशी औषधनिर्मितीस वाव मिळाला होता. २००५ मध्ये पदार्थांनाही पेटंट मिळू लागले. तथापि ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला, त्याची परिणामकारकता वाढल्याखेरीज, पेटंट नाकारणारे कलम ३ (घ) कायद्यात आले. इमॅटिनिबच्या बीटा स्फटिकरूपासाठी १९९८ मध्ये केलेल्या अर्जाला मुंबईच्या ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ या संस्थेनेही हरकत घेतली. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला व १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या सर्वोच्च न्यायालयीन पीठाने तो निर्णय कायम केला.

औषध आवाक्यात आल्यावर ते कोणाला, किती व किती काळ द्यावे हा प्रश्न पुढे आला. विरळ रोगात एका चिकित्सकाच्या वाट्याला थोडेच रोगी येतात. त्यामुळे निव्वळ स्वानुभवावर विसंबणे धोक्याचे असते. नेहमीची मात्रा दररोज ४०० मिग्रॅ. असली, तरी किट जीनाच्या नवव्या खंडात उत्परिवर्तन असल्यास ती ८०० मिग्रॅ.पर्यंत वाढवितात, ‘पीडीजीएफआरए’ या जीनातील एका विशिष्ट उत्परिवर्तनात मात्र औषध निष्फळ ठरते. म्हणून जनुकीय तपासणी केवळ शैक्षणिक हौस नव्हे. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा धोका मोठा असल्यास तीन वर्षे औषध द्यावे, हे २०१२ च्या उत्तर युरोपीय अभ्यासाने दाखविले : पाच वर्षांनंतर तीन वर्षे औषध घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के, तर एक वर्ष घेणाऱ्यांपैकी सु. ८२ टक्के रोगी हयात होते. शल्यचिकित्सकानेही अर्बुदाचे आवरण न फाटण्याची दक्षता घ्यावी लागते, कारण ते फुटल्यास रोग उदरपोकळीत पसरतो. लसीका ग्रंथी मात्र सहसा काढाव्या लागत नाहीत.

अशा निर्णयांसाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१४ मध्ये सहमतीपत्र प्रसिद्ध केले. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. त्याच्या समन्वयाखाली २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाळे उभारण्यात आले. सामाईक उपचारसूत्रे तयार करणे आणि गुंतागुंतीच्या रोग्यांविषयी दूरस्थ तज्ञांशी विचारविनिमय घडवून आणणे ही कामे ते करते. इमॅटिनिब निष्प्रभ झाल्यावर सुनिटिनिब, नंतर रेगोराफेनिब व रिप्रेटिनिब ही औषधे क्रमाने वापरतात.