कोरड्या माळरानावरील वनस्पती आणि रोगप्रतिबंध

अकोला जिल्ह्यातील पातूर हा वाळवंटी प्रदेश नव्हे. तथापि अजिंठा डोंगररांगेच्या येथील उतारांवर पावसाळा सरताच पाणी आटते. अशा मुरमाड जमिनीत तग धरणाऱ्या काही वनस्पती राजस्थानच्या वाळवंटातही आढळतात. पाणी साठविणारा बुळबुळीत गर आणि किडी-जनावरांना दूर ठेवणारी कडू द्रव्ये ही त्यांची संरक्षणसाधने होत. त्यांचे औषधी गुण व अपाय, दोन्हींचे मूळ बहुधा याच द्रव्यांत असते.

हिंगणबेट : या काटेरी वृक्षाच्या फळाचा गर पाण्यात फेसाळतो, म्हणून तो पूर्वी कपडे धुण्यास वापरीत. फेस आणणारे सॅपोनिन गोगलगायींना मारक ठरते. आफ्रिकेत शिस्टोसोमियासिस हा रोग गोड्या पाण्यातील गोगलगायींमार्फत पसरतो. त्यांच्या नियंत्रणासाठी या फळाचे प्रयोग झाले आहेत. मात्र त्याने मासेही मरतात.

ईसबगोल : गुजरात व राजस्थानच्या कोरड्या हवेतील हे पीक. बियांवरील टरफल पाणी शोषून फुगते, बद्धकोष्ठ दूर करते आणि रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल काहीसे घटविते. त्यातील विद्राव्य तंतू रोज ७ ग्रॅम घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा उल्लेख वेष्टनावर करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये अनुमती दिली. ईसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्यावे; अन्यथा ते घशात अडकण्याची भीती असते.

कोरफड : पानातील पारदर्शक गर त्वचेवर लावतात. सालीलगतचा पिवळा चीक मात्र तीव्र रेचक आहे. त्यापासून बनविलेली, चिठ्ठीविना मिळणारी रेचके अमेरिकेने २००२ मध्ये बाजारातून हटविली.

गुळवेल : कडुनिंबावर चढणाऱ्या या वेलीचा काढा करोनाकाळात घरोघरी पोहोचला. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख पटविली नसल्याकडे लक्ष वेधले. सारख्या दिसणाऱ्या वेलींमुळे घात होऊ शकतो, हे त्यातून पुढे आले.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानात अशा वनस्पती ओळखता येतात. मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र पाल्याच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नयेत. दोन्ही सोबत घेण्यापूर्वीही वैद्यकीय सल्ला घ्यावा. साखर घटविणारा काढा गोळीसोबत घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.