इंजिन तेलातील झेडडीडीपी आणि जुन्या स्पोर्ट्स कार

झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट (संक्षेपाने झेडडीडीपी) हे जस्त, फॉस्फरस व गंधक असलेले संयुग असून ते इंजिनाच्या वंगण तेलात झीजरोधक ॲडिटिव्ह म्हणून मिसळले जाते. आधुनिक तेलांत त्याचे प्रमाण घटल्यामुळे सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांना ते वेगळे पुरवावे लागते का, हा जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांमधील दीर्घकाळचा वादविषय आहे.

कार्य

१९४०च्या दशकात या संयुगाचा वापर बेअरिंगचे क्षरण आणि तेलाचे ऑक्सिडीभवन रोखण्यासाठी सुरू झाला. झीज रोखण्याचा गुण नंतर लक्षात आला. घर्षण व उष्णतेमुळे त्याचे विघटन होऊन धातूच्या पृष्ठभागावर फॉस्फेटचा काचेसारखा थर बसतो. त्याची जाडी साधारण १०० नॅनोमीटर असते. घासले जाताना धातूऐवजी हा थर झिजतो व तेलातील संयुगापासून पुन्हा तयार होतो.

जुन्या इंजिनांची अडचण

एमजीबी (१९६२–८०) किंवा सुरुवातीच्या शेवरोले कॉर्व्हेटसारख्या गाड्यांत कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटच्या तळावर घासत सरकतो. संपर्क जेमतेम एका रेषेपुरता असल्याने तेथील दाब प्रचंड असतो आणि शर्यतीसाठी कडक स्प्रिंग बसवल्यास तो आणखी वाढतो. टॅपेट स्वतःभोवती फिरत राहावा अशी रचना असते. तो फिरायचा थांबला, तर नवा कॅम काही मिनिटांतच खराब होऊ शकतो. रोलर टॅपेटमध्ये सरकण्याऐवजी लोटण होते, त्यामुळे ही अडचण बहुतांशी नाहीशी झाली. कॉर्व्हेटमध्ये असे टॅपेट १९८७ मध्ये आले.

फॉस्फरसवरील मर्यादा

इंजिनात जळणाऱ्या तेलातील फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील उत्प्रेरक निकामी करतो. त्यामुळे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकांत त्याची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. २००४ च्या ‘एसएम’ श्रेणीत ती ०.०८ टक्के झाली. मात्र ही मर्यादा ५डब्ल्यू-३० वा १०डब्ल्यू-३० अशा पातळ तेलांना लागू होते. जुन्या गाड्यांत प्रत्यक्ष वापरले जाणारे २०डब्ल्यू-५० तेल तिच्या कक्षेबाहेर आहे, ही बाब वादात अनेकदा निसटते.

नवी तेले पुरेशी आहेत असे मानणारे झीज-चाचण्यांकडे बोट दाखवतात. ‘सिक्वेन्स आयव्हीए’ ही चाचणी निसानच्या २.४ लिटर इंजिनावर घेतली जात असे आणि त्यातही कॅमचा संपर्क सरकताच होता. कडक स्प्रिंगच्या पुशरॉड इंजिनातील भार याहून अधिक असतो, हा त्यावरील आक्षेप रास्त आहे.

ॲडिटिव्हची उपयुक्तता

नवा सपाट-टॅपेट कॅम बसवल्यानंतरची पहिली वीस-तीस मिनिटे सर्वांत धोक्याची असतात. या काळात इंजिन मंद गतीवर न ठेवता मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर चालवतात, आणि झेडडीडीपीची पुरवणी सर्वाधिक सार्थ ठरते ती इथेच. रुळलेल्या इंजिनात योग्य जाडीचे, पुरेसे फॉस्फरस असलेले तेल वापरल्यास वेगळ्या बाटलीची गरज सहसा उरत नाही.

अधिक घातले म्हणजे अधिक संरक्षण मिळते, असेही नाही. फॉस्फरस ०.२ टक्क्यांच्या आसपास गेल्यास लोखंडाच्या पृष्ठभागावरच रासायनिक हल्ला होऊन कॅमचे कपचे निघण्याचा धोका संभवतो. शिवाय तयार तेलातील डिटर्जंट व झेडडीडीपी पृष्ठभागावरील जागेसाठी स्पर्धा करतात. बाहेरून घातलेल्या मिश्रणाने हा समतोल बिघडू शकतो. मागाहून कन्व्हर्टर बसवलेल्या गाडीत जादा फॉस्फरस टाळणेच इष्ट.

इतर मिश्रणे

पीटीएफईयुक्त (टेफ्लॉन) द्रव्यांचे दावे मात्र वेगळ्या कोटीतील आहेत. ‘स्लिक ५०’ या उत्पादनाच्या झीज घटवण्याच्या जाहिरातींना पुरेसा आधार नसल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला होता. ते प्रकरण १९९७ मध्ये तडजोडीने मिटले.