विळा, दात्र आणि सिकल : एका आजाराच्या नावांचा इतिहास

#थ्रेड

१. डहाणू तालुक्यातील कैनाडपासून तलासरीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात भातकापणीचे हत्यार म्हणजे विळा. याच पट्ट्यात रक्ताचा एक आनुवंशिक आजार आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. इंग्रजीत त्या आजाराचे नाव विळ्यावरूनच पडले. मराठीत मात्र त्या नावात विळा कुठेच दिसत नाही. असे का झाले आणि त्यामुळे काय अडते, ते आज पाहू.

२. सुरुवात तापापासून करावी लागेल, कारण या आजाराचे मूळ तापाशी जोडलेले आहे. ‘मलेरिया’ हा शब्द इटालियन. त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. म्हणजे नावातच रोगाचे चुकीचे कारण. आपला ‘हिवताप’ कारणाबद्दल काही बोलत नाही. आधी हीव भरते, मग ताप चढतो, एवढेच तो सांगतो, आणि ते अचूक सांगतो.

३. ‘एकांतरा’ त्याहून बारकाईने बोलतो. ताप आला, एक दिवस मध्ये गेला, पुन्हा आला. आयुर्वेदात यालाच ‘तृतीयक’ म्हटले आहे आणि दोन दिवस सोडून येणाऱ्या तापाला ‘चतुर्थक’. आज आपल्याला ठाऊक आहे की हिवतापाचे काही परजीवी तांबड्या पेशी साधारण ४८ तासांनी फोडून बाहेर पडतात, तर एक प्रकार ७२ तासांनी. सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी लोकांनी ही जैविक घडी शब्दांत नोंदवून ठेवली होती.

४. औषधाचे नाव दूरून आले. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातल्या सिंकोना झाडाच्या सालीतून पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० साली क्विनीन वेगळे केले. सालीच्या ‘किना’ या तिथल्या नावावरून हा शब्द बनला. १८६०च्या दशकात निलगिरीत सिंकोनाची लागवड झाली. १८९२पासून बंगालमध्ये टपाल कचेरीत एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली आणि ही पद्धत पुढे इतर प्रांतांतही पसरली.

५. मराठी माणसाने त्या क्विनीनचे ‘कोयनेल’ केले. कोणत्याही परिभाषा समितीने तो शब्द घडवला नाही. पुडी हातात आली, जिभेला कडू लागली, ताप उतरला आणि शब्द घरचा झाला. औषधाची चव व उपयोग ज्याने अनुभवला त्यानेच त्याला नाव दिले.

६. त्याच काळात मराठीतून वैद्यक शिकवण्याचा प्रयोगही चालू होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ साली मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले. इथे शिकलेल्यांना दवाखान्यांत साहाय्यक म्हणून काम करायचे होते. शरीररचना, औषधे, रोग यांसाठी मराठी शब्द त्यांना रोज लागणार होते, आणि तेही रुग्णासमोर बसून. परिभाषेची खरी कसोटी तिथेच होते.

७. आता रक्ताकडे वळू. हिवतापाला माणसाने कोयनेल शोधले, पण त्याच्या कितीतरी शतके आधी शरीरातही एक बचाव घडून आला होता. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात बदल झाला. तो आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळाला, तर मूल निरोगी राहते आणि जीवघेण्या हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. दोघांकडूनही मिळाला, तर मात्र आजार होतो. पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली हा संबंध दाखवून दिला.

८. म्हणून जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता, तिथे हा जनुक टिकला : आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि भारतातील जंगलपट्टे. दक्षिण गुजरात, नंदुरबार, पालघर, विदर्भ हा त्याच नकाशाचा भाग. यात कोणत्याही जमातीचा ‘दोष’ नाही. पूर्वज ज्या तापातून तगून राहिले, त्याची ही रक्तात उरलेली खूण आहे.

९. वैद्यकाला हा आजार प्रथम दिसला तो शिकागोत. कॅरिबियन बेटांतील ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण १९०४ साली तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तातील लांबट, वाकड्या पेशींचे वर्णन जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेली उपमा शेतातली होती : विळ्याच्या आकाराच्या पेशी. १९२२ साली व्हर्न मेसन यांनी ‘सिकल सेल ॲनिमिया’ हे नाव रूढ केले.

१०. पण नाव त्याआधीही होते. घानातील डॉक्टर कोनोटे-आहुलू यांनी दाखवून दिले की पश्चिम आफ्रिकेच्या भाषांत या आजाराला जुनी नावे आहेत. गा भाषेत ‘च्वेच्वेच्वे’, फान्ती भाषेत ‘न्वीवी’. ती उच्चारताच हाडे कुरतडणारी, थांबून थांबून उसळणारी वेदना जाणवते. हेरिक यांनी पेशीचा आकार पाहून वर्णन केले. आफ्रिकेतल्या आयांनी दुखण्याला नाव दिले.

११. पुढचे पाऊल रसायनशास्त्राचे. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. त्यांनी याला ‘रेणूचा आजार’ म्हटले. काही वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला : प्रथिनाच्या लांब साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्या एका मण्याने ऑक्सिजन कमी पडताच हिमोग्लोबिनचे ताठ धागे बनतात, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि लवकर मरते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवस.

१२. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत ही पेशी आढळली. त्याच दशकात नागपूरहूनही नोंद झाली. आता मराठी नावाची गरज पडली.

१३. स्वातंत्र्योत्तर परिभाषाकारांचे धोरण स्पष्ट होते. संस्कृतातून शब्द घडवला की त्यावरून विशेषणे, सामासिक शब्द साधता येतात आणि इतर भारतीय भाषांशीही मेळ राहतो. त्या धोरणाने मराठीला ‘जीवनसत्त्व’, ‘प्रथिने’, ‘प्रतिजैविक’ असे शब्द दिले. ‘जीवनसत्त्व’ तर आजीच्याही तोंडी बसला, कारण ‘जीवन’ आणि ‘सत्त्व’ दोन्ही तिच्या ओळखीचे होते.

१४. सिकल सेलच्या वाट्याला आला ‘दात्रपेशी पांडुरोग’. दात्र म्हणजे संस्कृतात विळा. शब्द निर्दोष आहे, पाठ्यपुस्तकातही आहे. पण जो रोज विळा हाती धरतो त्याला ‘दात्र’ ठाऊक नाही, आणि ज्याला ‘दात्र’ ठाऊक आहे त्याने बहुधा विळा धरलेला नाही. लोकांनी मग तो बाजूला ठेवून ‘सिकलसेल’ उचलला. तो रुळला, पण अर्थाविना. कोयनेलची चव जिभेवर होती. ‘सिकल’चा आकार डोळ्यांपुढे येतच नाही.

१५. औषधाच्या नावातही अशीच गुंतागुंत आहे. १८६९ साली जर्मनीत प्रथम तयार झालेले हायड्रॉक्सियुरिया आधी कर्करोगासाठी वापरले गेले आणि १९९८ साली अमेरिकेत सिकलसेलसाठी मंजूर झाले. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. हे हिमोग्लोबिन ताठ धागे बनू देत नाही. म्हणूनच या आजाराच्या बाळाला पहिले काही महिने त्रास जाणवत नाही.

१६. पण भातशेती करणाऱ्या घरात युरिया म्हणजे खताची गोणी. रसायनशास्त्राच्या दृष्टीने नाते खरे आहे : युरियाच्या रेणूतील एका हायड्रोजनच्या जागी हायड्रॉक्सिल गट आला की हायड्रॉक्सियुरिया. मात्र एका अणुगटाच्या फरकाने पदार्थाचे गुणधर्म पार बदलतात, हे कोणी सांगितले नाही, तर ‘मुलाला खत कशाला?’ हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तो अडाणीपणाचा मानू नये. नाव नीट ऐकणाऱ्यालाच तो पडतो.

१७. सर्वांत जपून वापरायचा शब्द आहे ‘वाहक’. ज्याला एकाच पालकाकडून हा जनुक मिळाला, तो ‘सिकलसेल वाहक’. पण आरोग्यशिक्षणात आपण वर्षानुवर्षे ‘डास हा हिवतापाचा वाहक’ असेही शिकवत आलो. एकच शब्द रोग पसरवणाऱ्या डासाला आणि रोग न पसरवणाऱ्या निरोगी माणसालाही! सिकलसेल स्पर्शाने, हवेने, अन्नाने लागत नाही. तरी ‘वाहक’ शिक्का बसलेल्या मुलीच्या लग्नात अडथळा आला, तर त्यात या शब्दाचाही वाटा असतो.

१८. हा प्रश्न आज ऐरणीवर आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. उद्दिष्ट २०४७ सालचे, आणि तपासणीचे लक्ष्य सात कोटी लोकांचे. तपासणी यंत्र करील. पण दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के, हे गणित कोणीतरी ओटीवर बसून समजावून द्यावे लागेल. तेव्हा हाताशी शब्दच असतील.

१९. परिभाषा कोशातला शब्द चुकीचा होता असे नाही. अभ्यासाला तो लागतोच. मात्र दवाखान्याला दुसरा शब्द लागतो आणि तो आपल्याकडे आधीपासून आहे. ‘रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात’ एवढे वाक्य कैनाडच्या पाड्यावर पुरेसे आहे. ‘वाहक’ म्हणण्याऐवजी ‘आईकडून किंवा वडिलांकडून एकच विळा आला, दुसरा आला नाही, म्हणून तू निरोगी’ असे सांगता येते. हेरिक यांनी शेतातून उचललेली उपमा शेतात परत नेऊन ठेवायची, एवढेच काम उरले आहे.