749 गुणिले 867

हा गुणाकार 14 वर्षांच्या पर्सीने झटकन आणि अचूक केला होता. पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल झाली, तर ती त्याच्या लक्षातही येईना. छापलेला साधा शब्द वाचता येत नव्हता. 1896 मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ही केस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली. मास्तरांचं म्हणणं असं, की सगळं तोंडी शिकवलं असतं तर हा शाळेतला सर्वात हुशार मुलगा ठरला असता!

मॉर्गन यांचा अंदाज होता की दोष डोळ्यांत नाही, मेंदूच्या डाव्या भागात आहे, आणि तो जन्मजात आहे. पण बघणार कसं? तेव्हा मेंदू उघडायचा तो माणूस गेल्यावरच. आमच्या भाषेत, प्रोग्रॅम क्रॅश झाल्यावर कोअर डंप वाचत बसायचं. 1979 मध्ये बोस्टनमध्ये गॅलाबर्डा आणि केंपर यांनी एका डिस्लेक्सिक तरुणाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या भाषेच्या भागात पेशींची मांडणी विस्कटलेली दिसली.

चालू प्रोग्रॅम सहज बघायची सोय झाली 1990 नंतर. सेइजी ओगावा यांनी दाखवलं, की रक्तातल्या ऑक्सिजनमुळे एमआरआयच्या सिग्नलमध्ये फरक पडतो. म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते कळतं, तेही क्ष-किरण किंवा इंजेक्शनशिवाय. त्यामुळे मुलांनाही तपासता येऊ लागलं. 2002 मध्ये येलच्या शेविट्झ दांपत्याच्या गटाने 144 मुलं तपासली. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत वाचताना डाव्या गोलार्धाचा मागचा भाग कमी काम करत होता. मॉर्गन यांनी बोट ठेवलं होतं तेही याच बाजूला!

त्याच वर्षी ह्यूस्टनच्या सिमोस यांच्या गटाने डिस्लेक्सिया असलेल्या 8 मुलांना सुमारे 80 तास कसून वाचायला शिकवलं. आधी आणि नंतर मेंदूतले चुंबकीय सिग्नल मोजले. वाचन सुधारलंच, आणि डाव्या बाजूची मंद जागाही कामाला लागली.

आता खरी गोम. हे बरेचसे निष्कर्ष गटाच्या सरासरीचे आहेत. एकट्या मुलाचा स्कॅन बघून ‘याला डिस्लेक्सिया आहे’ असं आजही सांगता येत नाही. निदान होतं ते वाचन-लेखनाच्या चाचण्यांवरूनच. तेव्हा मंडळी, घरात असं मूल असेल तर स्कॅनच्या मागे धावू नका, चाचणी करून घ्या. आणि तोवर त्याला ‘आळशी’ म्हणू नका. पर्सीच्या मास्तरांना हे कुठल्याही यंत्राविना कळलं होतं.